एसी चालेना? आधी मीटरकडे बघा, मग मशीनकडे

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लष्कर भागातल्या एसी मिस्त्र्यांचे फोन लागेनासे होतात. लागलाच तर ‘शाम तक आता हूँ’ असं उत्तर मिळतं, आणि ती शाम बहुधा परवाची असते. तोवर घरी घामाघूम बसलेल्या माणसाला एवढंच कळायला हवं असतं की बिघडलंय काय. मशीन, घरातलं वायरिंग, की खांबावरून येणारी लाईटच?

हे शोधायची रीत अवघड नाही. वीज ज्या वाटेने एसीपर्यंत येते, त्याच वाटेने आपण जायचं. खांब, मीटर, मेन स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), वायर, सॉकेट, स्टॅबिलायझर आणि सगळ्यांत शेवटी मशीन. मिस्त्री बहुतेक उलट टोकाकडून सुरुवात करतात. आल्या आल्या आउटडोअरचं झाकण उघडतात, कारण त्यांना तेच येतं आणि पैसेही तिथेच मिळतात. पण दौलतगंज, माधवगंजकडच्या जुन्या घरांत मी जे पाहत आलोय त्यात उन्हाळ्यातल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा मशीनच्या बाहेर निघतं.

एक अट आधीच सांगतो. घरच्या माणसाने कुठलंही झाकण उघडायचं नाही. बघणं, ऐकणं, वास घेणं, एमसीबी चालू-बंद करणं आणि आकडे टिपून ठेवणं, एवढंच आपलं काम. आउटडोअर, डीबी (एमसीबी बसवलेला डबा) आणि स्टॅबिलायझरचा डबा उघडायचा तो मिस्त्रीने. मेन पाडल्यावरही एसीच्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर कार्डावर, म्हणजे सर्किट बोर्डावर, तर ३०० व्होल्टच्या वरचं डीसी काही मिनिटं टिकून असतं. म्हणजे मेन बंद केला की धोका संपला, हे पंख्याच्या बाबतीत खरं, एसीच्या बाबतीत नाही. जळका वास, धूर, ठिणगी, किंवा बॉडीला हात लागल्यावर झिणझिण्या, यातलं काहीही असेल तर एमसीबी पाडून ठेवा आणि स्वतःहून पुन्हा चढवू नका.

फुसक्या शक्यता आधी उरकून घेऊ. रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा. मग रिमोटवर कूल मोड आहे ना, तापमान खोलीपेक्षा खाली लावलंय ना, नातवंडांनी टायमर तर लावून ठेवला नाही ना, हे बघा. रिमोटच गेला असेल तर इनडोअरच्या पुढच्या झाकणाखाली एक छोटं बटण असतं, त्याने मशीन थेट सुरू होतं. इतकं करूनही काही नाही, तर मग विजेकडे वळायचं.

एसी बंद असतानाचं व्होल्टेज कामाचं नाही

आपल्याकडे घरगुती लाईट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ अशी ठरलेली आहे. उन्हाळ्यात रात्री जेवणं आटोपून गल्लीतले सगळे एसी एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात ती १९० किंवा १८० वर उतरली तर नवल नाही. पंखा जरा हळू फिरतो, बल्ब पिवळट दिसतो, त्यांचं निभावतं. एसीचं निभावत नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना जो जोर लावते, तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज २३० चं १८४ झालं, म्हणजे २० टक्के घटलं, तर जोर २० नव्हे, ३६ टक्के घटतो. मग मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही.

त्यात सुरू होण्याच्या क्षणी ही मोटर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढते. दीड टनाचा साधा एसी चालताना ७-८ अँपिअर घेत असेल, तर सुरू होताना निमिषभर ३५-४० अँपिअर घेतो. एवढा करंट बारीक वायरीतून किंवा सैल पडलेल्या जोडातून जाताना व्होल्टेजचा एक भाग तिथेच खर्च होतो आणि मशीनपाशी उरलेलं पोचतं. म्हणून एसी बंद असताना सॉकेटला २२० दिसले तरी त्याचा फारसा अर्थ नसतो. खरा आकडा तो, जो कॉम्प्रेसर सुरू होऊ बघतो त्या क्षणी दिसतो.

इथेच टेस्टर दगा देतो. टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्याला पेटायला इतका नगण्य करंट लागतो की वायरीची एकच तार जेमतेम चिकटलेली असली तरी तो ऐटीत पेटतो. ‘लाईट तो आ रही है’ असं म्हणून मिस्त्री टेस्टर खिशात टाकतो आणि मशीन उघडायला घेतो. लाईट येते खरी, पण लोड घेऊ शकत नाही.

दौलतगंजातल्या एका वाड्यातली गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत काकूंचा दीड टनाचा साधा स्प्लिट एसी. इनडोअरचा वारा येतोय, पण गार नाही. गच्चीवर आउटडोअरचा पंखा फिरतोय, आणि दर काही मिनिटांनी आतून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, पाच-सात सेकंद टिकतो आणि ‘टक्’ करून थांबतो. मिस्त्रीने निदान करून टाकलं होतं: ‘भाभीजी, कम्प्रेसर गया.’ नवीन कॉम्प्रेसर म्हणजे कित्येक हजारांचा खर्च, म्हणून काकू विचारायला आल्या. आम्ही फक्त आकडे बघितले. स्टॅबिलायझर बायपासवर होता, म्हणजे लाईट तशीच पुढे सोडत होता, पण त्याचा इनपुट दाखवणारा आकडा चालू होता. एसी थांबलेला असताना तो २१८ दाखवायचा. ‘घूं’ सुरू झालं की थेट १७१. त्याच वेळी खाली मीटरजवळ एकाला उभं केलं होतं. तिथे आकडा २१४ च्या खाली गेला नाही. म्हणजे कंपनीची लाईट ठीक होती, आणि मीटरपासून वरच्या खोलीपर्यंत यायला ४३ व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. वायर निघाली दीड चौरस मिलिमीटरची, पूर्वी पंखे आणि बल्ब यांच्यासाठी टाकलेली, जिन्याखालून वळसे घेत गेलेली. वाटेतल्या जुन्या स्विचचा एक स्क्रू सैल होता आणि त्याच्या भोवतीचं बॅकेलाइट करपून तपकिरी झालं होतं. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, आणि ‘गेलेला’ कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. स्टॅबिलायझरवर आत येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा दिसत नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो एसीच्याच लाइनवरच्या दुसऱ्या सॉकेटात लावा. मल्टीमीटरच्या सुया चालू सॉकेटात खुपसायच्या भानगडीत, सवय नसेल तर, पडू नका. मीटरपाशी वेगळं काही लागत नाही. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर व्होल्टेज आणि करंटचे आकडे आळीपाळीने येतात किंवा बटण दाबून बघता येतात.

मग हिशोब सरळ आहे. मीटरपाशीच व्होल्टेज पडलेलं असेल तर दोष बाहेरचा. तेव्हा १९१२ वर तक्रार नोंदवायची आणि शेजाऱ्यांनाही नोंदवायला सांगायचं, कारण एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या पाच-सहा घरांची तक्रार एका घराच्या तक्रारीपेक्षा लवकर ऐकली जाते. तक्रारीत ‘व्होल्टेज कमी’ एवढंच सांगू नका. किती वाजता मीटरवर किती आकडा होता, ते सांगा. आणि मीटरपाशी आकडा टिकून आहे पण खोलीत कोसळतोय, तर दोष घरातला. तिथे वीज कंपनी काही करणार नाही आणि एसीचा मिस्त्रीही नाही. वायरमन बोलवावा लागतो.

एक बाब मात्र जिवावरची: न्यूट्रल

कधी कधी उलटंच होतं. घरात तीन फेज असतील तर एका खोलीतला बल्ब भगभगीत पेटतो, दुसऱ्या खोलीतला मिणमिणतो, पंखा वेड्यासारखा फिरायला लागतो, स्टॅबिलायझर टकटक करून बंद पडतो. हे खांबावरची किंवा मीटरपाशीची न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सैल झाल्याचं किंवा तुटल्याचं लक्षण आहे. तीन फेजच्या लाइनमध्ये न्यूट्रल सुटली की कुठल्या घराला किती व्होल्टेज मिळेल याला धरबंद राहत नाही, आणि ते ४०० च्या आसपासही जाऊ शकतं. अशा वेळी एसी तपासत बसायचं नाही. मेन पाडायचा, शेजाऱ्यांना हाक मारायची आणि १९१२ लावायचा. आंधी येऊन गेल्यावर, तारा हेलकावल्यावर, हे जास्त होतं. आंधीनंतर लाईट परत आली की आधी एक बल्ब लावून बघायचा आणि मग एसी सुरू करायचा, ही सवय चांगली.

एमसीबी किती वेळाने पडते?

एमसीबी पडते म्हणून ती बदलणारे पुष्कळ आहेत. १६ ची पडते म्हणून ३२ ची बसवणारेही आहेत, आणि हा प्रकार मला फार राग आणतो. एमसीबी वायरीला वाचवायला असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर पुढच्या वेळी एमसीबी पडणार नाही, वायर पेटेल.

पडायला किती वेळ लागतो, यावरून दोष कुठल्या जातीचा ते बरंचसं कळतं. चढवताक्षणी, एसी सुरू व्हायच्याही आधी पडत असेल तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. उंदराने कुरतडलेली वायर, आउटडोअरच्या टर्मिनलमध्ये अडकलेली पाल, किंवा भिजलेला जोड. एसीचा प्लग काढून ठेवला तरी पडते का, ते बघा. पडत असेल तर दोष भिंतीतला, नाहीतर एसीतला. इतक्या एका गोष्टीने कुणाला बोलवायचं ते ठरतं.

इनडोअर सुरू होतं, दोन-तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर उठायच्या वेळेस एमसीबी पडते, तर एक शक्यता अशी की एमसीबीच चुकीच्या जातीची आहे. तिच्यावर ‘सी १६’ किंवा ‘बी १६’ असं काहीतरी छापलेलं असतं. बी जातीची एमसीबी छापलेल्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडते, सी जातीची पाच ते दहा पटीला. मोटरचा सुरुवातीचा धक्का बी ला कधीकधी सोसत नाही. एसीला सी हवी. जात बरोबर असूनही पडत असेल तर कॉम्प्रेसर जाम आहे, कपॅसिटर गेलाय किंवा वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, बॉडीला लागलंय. तिथून पुढे मिस्त्रीचं काम.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. एसी व्यवस्थित चालतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने, भर दुपारी, एमसीबी पडते. थोड्या वेळाने चढवली तर पुन्हा तेवढाच वेळ चालतो. रात्री मात्र काही होत नाही. हा शॉर्ट नव्हे, ही उष्णता आहे. एमसीबीच्या आत एक धातूची पट्टी असते, ती तापून वाकली की एमसीबी पडते. तिच्यावरचा १६ हा आकडा आजूबाजूला ३० अंश असतील असं धरून ठरवलेला असतो. आपल्याकडे डीबी जर गच्चीच्या जिन्यात, पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर मे महिन्यात त्या डब्यात ५० अंश सहज होतात, आणि मग १६ ची एमसीबी १६ च्या आधीच दम टाकते. त्यात तिच्या खालचा स्क्रू सैल असेल तर तो जोड वेगळा तापतो.

सैल जोड किती तापतो? समजा त्या जोडात अर्धा ओहम अडथळा तयार झालाय आणि ८ अँपिअर वाहतायत. ८ चा वर्ग ६४, त्याचा अर्धा ३२ वॅट. घड्याळ-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची लहान सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते, आणि ती कथील वितळवते. आता ती रात्रभर तुमच्या सॉकेटच्या आत चालू आहे असं समजा. म्हणून एसी तासभर चालल्यावर प्लग आणि सॉकेटजवळ उलटा तळवा नेऊन बघा. किंचित कोमट असेल तर चालेल. धग लागली, प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा माशासारखा उग्र वास येत असेल तर एमसीबी पाडून ते सॉकेट आधी बदलून घ्या. तापलेल्या काही प्लास्टिकला तसा वास येतो, आणि लोक पाल मेली असेल म्हणून ती शोधत बसतात. पंख्याच्या बोर्डावरचं ६ अँपिअरचं सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड एसीसाठी नाहीतच. दीड टनाला स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि एसीसाठीचा खास एमसीबीवाला बॉक्स, हे एकदा केलं की बरीच वर्षं बघावं लागत नाही. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरून गेलेली ॲल्युमिनियमची वायर अजून दिसते. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत दबत सैल होतं आणि त्याच्यावर चढणारा थर वीज अडवतो. अशा वायरीवर एसी लावायचाच नाही.

दुपारी पडण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते विजेचं नाहीच. आउटडोअरच्या मागच्या जाळीत आंधीची धूळ गच्च बसली की उष्णता बाहेर जात नाही, गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जास्त करंट ओढायला लागतो. लक्षण विजेचं दिसतं, दोष धुळीचा असतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४५ अंशांत तो एरवीच तणावात चालतो, त्यात धूळ म्हणजे कहर. एमसीबी पाडून, फिल्टर धुऊन, आउटडोअरची जाळी हलक्या पाण्याने धुऊन घ्या. पाणी कार्डाच्या बाजूला जाऊ देऊ नका.

कपॅसिटर नावाचा छोटा डबा

साध्या एसीत सगळ्यांत जास्त मरणारा पार्ट कोणता, तर कपॅसिटर. ॲल्युमिनियमचा डबा, वर टोकं. कॉम्प्रेसरच्या मोटरला एकाच फेजवर फिरायला दुसरा ढकलणारा प्रवाह लागतो, तो हा तयार करून देतो. दीड टनाच्या मशीनमध्ये तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, पंख्याचा वेगळा, दोन-चार मायक्रोफॅरडचा. उष्णतेने त्याची ताकद वर्षागणिक घटते. ५० चा ३८ झाला की कॉम्प्रेसर थंडीत उठतो, उन्हात उठत नाही.

त्याची लक्षणं काकूंच्या एसीसारखीच: ‘घूं’, मग ‘टक्’. तो ‘टक्’ म्हणजे कॉम्प्रेसरवरचा ओव्हरलोड नावाचा बचावाचा स्विच करंट तोडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी व्होल्टेज बघा, ते टिकत असेल तर कपॅसिटर मोजून घ्या, आणि दोन्ही ठीक निघाले तरच कॉम्प्रेसरवर संशय घ्या. कपॅसिटर काही शे रुपयांत येतो. डबा फुगलेला किंवा तेल गळलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही. पण फुगलेला दिसला नाही म्हणून चांगला असं मात्र समजू नका.

मिस्त्री कधीकधी काठीने आउटडोअरचा पंखा ढकलून दाखवतो आणि पंखा फिरायला लागतो. पंख्याचा कपॅसिटर गेल्याचा तो पुरावा आहे, पण घरच्यांनी हा खेळ करू नये.

इन्व्हर्टर एसीची तऱ्हा वेगळी

आता नव्या घरांत बहुतेक इन्व्हर्टर एसीच असतात. त्यांच्यात येणारी लाईट आधी डीसी केली जाते आणि मग कार्ड त्यातून कॉम्प्रेसरसाठी हवी तशी तीन फेजची वीज बनवतं. त्यामुळे सुरू होताना धक्का बसत नाही, हळूहळू वेग चढतो. कमी व्होल्टेजही हे एसी बऱ्यापैकी सोसतात. अनेक मॉडेलवर साधारण १४५ ते २८५ व्होल्टच्या आसपासचा पल्ला लिहिलेला असतो. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं विकताना सांगतात ते याच बळावर. लिहिलेल्या पल्ल्याच्या आत तुमची लाईट राहत असेल तर ते खरं आहे. राहत नसेल, किंवा घर लाइनच्या शेवटच्या टोकाला असेल, तर स्टॅबिलायझर घ्या. शिवाय पल्ला सोसणं वेगळं आणि लाईट येताना बसणारा झटका सोसणं वेगळं. झटक्यासाठी डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवून मिळतो, आणि कार्डाच्या किमतीपुढे तो स्वस्त असतो.

कॉम्प्रेसरसाठीचा कपॅसिटर या एसीत नसतो, म्हणून तिथलं निदान इथे चालत नाही. इथे मशीन स्वतः एक कोड दाखवतं, अक्षर आणि आकडा, किंवा दिवा काही वेळा लुकलुकतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून मगच एमसीबी पाडा, कारण पाडल्यावर कोड पुसला जाऊ शकतो. दहा मिनिटांनी पुन्हा चढवा. चालू झाला आणि टिकला तर लाईटच्या झटक्याने अडकला होता. तोच कोड परत आला तर दोष खरा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, एकीचा दुसरीला लावू नका.

इनडोअर आणि आउटडोअरचं एकमेकांशी बोलणं तुटल्याचा कोड फार वेळा येतो, आणि तिथे लगेच ‘किट बदलना पड़ेगा’ ऐकायला मिळतं. किट म्हणजे कार्ड. पण दोन्ही युनिटांना जोडणाऱ्या वायरीत बसवताना कमी पडली म्हणून मधेच जोड मारलेला असतो, टेप उन्हाने सुटलेली असते, किंवा उंदीर आणि खारींनी ती खाल्लेली असते. किट बदलायच्या आधी त्या वायरीचे सगळे जोड उघडून बघायला लावा. पाली आणि मुंग्याही आउटडोअरच्या उबदार कार्डावर जाऊन शॉर्ट करतात, हा विनोद नाही.

स्टॅबिलायझर टकटक करतो ते

लाईट गेली आणि लगेच आली तर साध्या एसीने तीनेक मिनिटं थांबायला हवं. बंद झाल्यावर पाइपातला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी उठवलं तर कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध अडकतो. स्टॅबिलायझर आणि मशीन दोन्ही ही विश्रांती घेतात. म्हणून लाईट आल्यावर लगेच गार वारा आला नाही तर तो बिघाड नव्हे.

स्टॅबिलायझर वरचेवर बंद पडत असेल तर तो बिचारा आपलं काम करत असण्याची शक्यता जास्त. त्याचा पल्ला बघा. १७० पासून चालणारा असेल आणि तुमच्याकडे १६० येत असतील तर तो थांबणारच. दीड टनासाठी ४ केव्हीएचा चालतो. लक्षात ठेवायची एक बारीक गोष्ट म्हणजे स्टॅबिलायझर वीज बनवत नाही. १७० चे २३० करताना तो लाइनमधून करंट जास्त ओढतो. मशीनला ७ अँपिअर जात असतील तर भिंतीकडून १० घेतो. घरातल्या बारीक वायरीवरचा उपाय म्हणून स्टॅबिलायझर लावला तर ती वायर आणखी तापते.

नळाच्या पाइपाचं अर्थिंग

पूर्वी लष्करातल्या किती तरी घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असायची. नंतर नळाचं काम निघालं, पाइप प्लास्टिकचा आला, आणि तार तशीच त्याला बांधून राहिली. तारेला आता जमीनच नाही, आणि घरात कुणाला पत्ताही नाही. एसीच्या बॉडीला हात लावल्यावर, विशेषतः गच्चीवर ओल्या पायांनी, झिणझिण्या येतात त्या घरात हे आधी बघा.

अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. कोरडी माती वीज नीट घेत नाही. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्यात ओतलेलं चांगलं. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. साध्या मल्टीमीटरने मोजलेलं अर्थिंग निऑनच्या टेस्टरसारखंच फसवं असतं, लोड नसताना सगळंच छान दिसतं.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईट तोडणारा स्विच) असेल आणि एसी लावल्यावर तोच पडत असेल, एमसीबी नाही, तर वीज बॉडीकडे गळतेय. पहिल्या पावसानंतर हे हटकून होतं: आउटडोअरच्या टर्मिनलचं झाकण उडालेलं असतं किंवा गच्चीवरच्या जोडात पाणी गेलेलं असतं. आरसीसीबी बायपास करून एसी चालवून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मिस्त्री आल्यावर

त्याच्याकडे क्लॅम्प मीटर आहे का, हे पहिल्यांदा बघा. वायर न कापता करंट मोजणारा चिमट्यासारखा मीटर असतो. तो नसेल तर बाकीचं सगळं अंदाजपंचे. मशीनच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत आणि प्रत्यक्ष किती जातायत, हे त्याच्याकडून ऐकून लिहून ठेवा.

‘गॅस कम है’ हे वाक्य इतकं सहज येतं की कॉम्प्रेसर उठतच नसतानाही ऐकू येतं. गॅस खर्च होत नसतो. कमी झाला तर कुठून तरी गळालाय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. कॉम्प्रेसर उठेपर्यंत गॅसचा विषयच काढू देऊ नका.

आणि साध्या एसीत ‘कम्प्रेसर गया’ म्हणाला तर मोजून दाखवायला सांगा. कॉम्प्रेसरला सी, आर आणि एस अशी तीन टोकं असतात. वायरी काढून दोन-दोन टोकांमधला अडथळा मोजला की सी-आर आणि सी-एस या दोन आकड्यांची बेरीज आर-एस एवढी यायला हवी. एखादी जोडी तुटलेली दाखवत असेल तर वाइंडिंग खरंच गेलंय, फक्त मशीन तापलेलं असताना मोजू नये, तेव्हा ओव्हरलोडच उघडा असतो. आणि कुठल्याही टोकापासून बॉडीपर्यंत काहीच वाहायला नको. पाच मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ करत असेल तर दुसरा बोलवा.

कपॅसिटर बदलला असेल तर जुना परत मागून घ्या आणि दोघांवरचा मायक्रोफॅरडचा आकडा सारखाच आहे ना, ते स्वतः वाचा. घाईच्या दिवसांत पिशवीत जो असेल तो लावून दिला जातो.